स्पाइकऐवजी नुसतं घूंऽऽ : हातात मावणाऱ्या चेतापेशी-रेकॉर्डरमधलं पुन्हा पुन्हा उगवणारं हमिंग

चेतापेशींचे बारीक संकेत वाढवून ऐकवणारा, काल व्यवस्थित चाललेला अ‍ॅम्प्लिफायर आज नुसता घूं करतोय. डबी तीच, सुया त्याच, झुरळाचा पायही तसाच ताजा, पण हेडफोनमध्ये स्पाइकची, म्हणजे चेतापेशीच्या विद्युत ठोक्याची, टकटक नाही आणि पडद्यावर जाडजूड, एकसारखी लाट. हात जवळ नेला की लाट फुगते. डबीला बोट लावलं की कधी बसते, कधी दुप्पट होते. लॅपटॉपचा चार्जर काढला की गप्प होते आणि दुसऱ्या खोलीत गेलं की पुन्हा हजर. बॅटरीवर चालणारी अशी उपकरणं वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. एकदा सुटली म्हणून हायसं वाटावं, तर महिन्याभरात ती परत दारात उभी.

परत का येते याचं माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक वेळा सर्किटला काहीही झालेलं नसतं. रेफरन्सचा, म्हणजे जिच्या तुलनेत संकेत मोजतात त्या सुईचा, संपर्क हळूहळू खराब झालेला असतो आणि त्याच वेळी खोली बदललेली असते. कायमच्या प्रयोगशाळेत टेबल, दिवे, तारा ठरलेल्या असतात, त्यामुळे एकदा बसवलेली घडी टिकते. हातातल्या डबीला दर वेळी नवं टेबल, नवा लॅपटॉप, भिंतीतल्या नव्या वायरी. अशा वेळी खोली सुधारत बसण्यात अर्थ नाही. संपर्क इतके चांगले ठेवायचे की खोली कशीही असली तरी चालून जावं. खालचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे. आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पुरवठा धरून आहेत. जिथे ६० हर्ट्झ आहे तिथे आकडे त्या प्रमाणात बदलून वाचा.

आधी आपण किती बारीक गोष्टीच्या मागे लागलो आहोत ते पाहू. चेतापेशीच्या आवरणाच्या आतबाहेर विश्रांतीत साधारण उणे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, आणि स्पाइक येतो तेव्हा तो मिलिसेकंदभरात सुमारे १०० मिलिव्होल्टने उसळून खाली येतो. आपली सुई मात्र पेशीच्या आत जात नाही. ती बाहेर, ऊतीतल्या खारट पाण्यात असते. तिथवर पोचतात ते काही दहा ते काही शे मायक्रोव्होल्ट. १०० मायक्रोव्होल्टचा स्पाइक धरला तर भिंतीतली वीज त्याच्या तेवीस लाख पट आहे. तिचा कणभर अंश जरी सुईपर्यंत आला तरी स्पाइक बुडणार. तेव्हा हमिंग का येतं हा प्रश्न फारसा अवघड नाही. ते काल का आलं नाही, हे शोधायचं आहे.

आधी कान लावा

१९२० च्या दशकाच्या अखेरीस एडगर एड्रियन आणि डेटलेव्ह ब्राँक या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी चेतातंतूंचा संकेत लाउडस्पीकरवर ऐकायला सुरुवात केली, आणि ती सवय अजून टिकून आहे. पडद्यावर सगळं नॉइज सारखंच जाड दिसतं. कानाला मात्र फरक लगेच कळतो. म्हणून काही उघडण्याआधी, काही बदलण्याआधी, हेडफोन लावून थोडा वेळ नुसतं ऐका.

गुळगुळीत, खर्जातलं घूं असेल तर ते शुद्ध ५० हर्ट्झ, म्हणजे वीजवाहक तारेशी कपॅसिटिव्ह (स्पर्शाशिवाय, हवेतून होणारी) जोड किंवा तारांच्या वेटोळ्यात शिरलेलं चुंबकीय क्षेत्र. आवाजात खरखर, धार असेल, पडद्यावर लाटेला टोकं दिसत असतील, तर त्यात १००, १५०, २५० हर्ट्झचे पटीतले सूर मिसळलेले आहेत. मग संशय एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरवर, डिमरवर, चार्जरवर घ्या. तडतड-तडतड असा मशीनगनसारखा आवाज मधूनच येऊन जात असेल तर जवळ जुन्या पद्धतीच्या जीएसएम जाळ्यावर चालणारा मोबाइल आहे. त्या पद्धतीत फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा थांबून थांबून प्रक्षेपण करतो आणि तीच लय अ‍ॅम्प्लिफायर ऐकवतो. नुसतं सळसळणारं हिस्स असेल तर ते हमिंग नाहीच. त्याचा विचार शेवटाकडे. आणि पुट-पुट-पुट असा होडीच्या इंजिनासारखा संथ आवाज असेल तर इथेच थांबून बॅटरी बदला. बॅटरी उतरली की तिचा अंतर्गत रोध वाढतो, स्पीकरने ओढलेल्या प्रवाहामुळे पुरवठा खाली-वर होतो आणि तो हेलकावा पहिल्या टप्प्यात परत शिरतो. एलएम३८६ सारख्या ऑडिओ चिपच्या पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चिकटून लावलेला असेल तर हा प्रकार बराच लांबणीवर पडतो.

इथे एक शंका हमखास निघते. स्पाइकसाठीच्या या डब्यांत ३०० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर असतोच, मग ५० हर्ट्झ आत येतंच कसं? एका टप्प्याचा साधा आरसी फिल्टर असेल तर ५० हर्ट्झचा सुमारे सहावा हिस्सा तरीही पलीकडे जातो, दोन टप्प्यांचा असेल तर छत्तिसावा. मूळ हमिंग काही मिलिव्होल्टचं असेल तर छत्तिसावा हिस्साही स्पाइकएवढा भरतो. शिवाय ३५० हर्ट्झ आणि त्यावरचे पटीतले सूर फिल्टरला दिसतच नाहीत, ते सरळ आत येतात.

दोष पुढे की मागे

आता एकच चाचणी करा, पण नीट करा. नमुना बाजूला ठेवा. अ‍ॅम्प्लिफायरचे सगळे इनपुट, म्हणजे धन, ऋण आणि रेफरन्स, बोटभर लांबीच्या उघड्या तारेने एकमेकांना जोडा. क्लिपच्या लांब तारा वापरू नका, शक्य तितकं सॉकेटजवळ जोडा. मग ऐका.

हमिंग गेलं आणि बारीक हिस्स उरलं, तर सर्किट ठणठणीत आहे. दोष सॉकेटच्या पुढे, तारा-सुया-नमुना या बाजूला. हमिंग तसंच राहिलं तर दोष मागे: पुरवठा, लॅपटॉप, फोन किंवा डबीच्या आतलं काहीतरी. एवढी विभागणी केल्याशिवाय केलेली कुठलीही दुरुस्ती म्हणजे अंधारात मारलेला बाण. लोक फॉइल गुंडाळतात, चिप बदलतात, नॉच फिल्टर (एकच वारंवारता कापणारा) घालतात, आणि शेवटी कळतं की क्लिपच्या आतली तार तुटलेली होती.

मागच्या बाजूचं आधी उरकून घेऊ. तिथे फार वेळ जायला नको.

लॅपटॉप चार्जरवरून काढा. हमिंग नाहीसं झालं तर कारण स्पष्ट आहे. लॅपटॉपच्या बहुतेक स्विचिंग चार्जरमध्ये वीजेची बाजू आणि आपली बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम ठेवलेला असतो. त्यातून अगदी थोडा प्रवाह गळतो. अर्थिंगची तिसरी पिन असेल तर तो जमिनीत जातो. दोनच पिना असतील तर अख्खा लॅपटॉप, त्याच्या यूएसबीचा ग्राउंड (शून्य व्होल्ट मानलेली तार) आणि तुमच्या डबीचा ग्राउंड, सगळेच वीजेच्या तालावर डोलत राहतात. धातूच्या लॅपटॉपवरून बोट फिरवताना कधी कधी जी झिणझिण जाणवते ती हीच. चार्जर लावूनच काम करायचं असेल तर मधे यूएसबी आयसोलेटर घाला. एडीयूएम४१६० किंवा एडीयूएम३१६० चिपवरचे तयार मिळतात. त्यातून माहिती जाते, पण दोन्ही बाजूंचे ग्राउंड वेगळे राहतात. मात्र पलीकडच्या बाजूला वीज देणारा बारका कन्व्हर्टर आयसोलेटरवरच असेल तर तो स्वतःचा किरकिराट घेऊन येतो. डबीला स्वतःची बॅटरी द्या आणि आयसोलेटरमधून फक्त माहिती जाऊ द्या.

बॅटरी म्हणून पॉवर बँक लावली असेल तर ती बाजूला ठेवा. तिच्या आत ३.७ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा स्विचिंग कन्व्हर्टर असतो. डबी फारच कमी प्रवाह ओढत असल्यामुळे तो धडपणे चालत नाही, थांबून थांबून झटके देतो, आणि हे झटके कधी कधी ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच पडतात. काही पॉवर बँका तर एवढासा भार पाहून काहीच जोडलेलं नाही असं समजतात आणि बंद पडतात. साधी ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी या कामाला अजूनही सगळ्यात शांत.

फोनला ऑडिओ जॅकमधून जोडलं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. फोन स्वतःला शहाणा समजतो. बोलण्याचा आवाज नसेल तर तो गेन, म्हणजे संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण, वाढवत नेतो आणि सलग आवाज दिसला तर तो गोंगाट समजून दाबतो. त्यामुळे हमिंग हळूहळू वर चढतं, एखादा मोठा स्पाइक आला की धपकन खाली जातं, पुन्हा चढतं. हे अ‍ॅम्प्लिफायरचं वागणं नाही. रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमध्ये स्वयंचलित गेन आणि नॉइज सप्रेशन बंद करता आलं तर करा, नाहीतर ते अ‍ॅप सोडून द्या. चार कड्यांच्या पिनमध्ये माइक आणि ग्राउंड यांच्या जागांचे दोन प्रघात आहेत, आणि चुकीची केबल असेल तर रेकॉर्डिंगमध्ये फक्त हमिंगच मिळतं.

रेफरन्स, रेफरन्स आणि पुन्हा रेफरन्स

इनपुट जोडल्यावर हमिंग गेलं, म्हणजे दोष पुढे आहे. खरी गंमत इथे आहे आणि वेळही इथेच घालवावा.

तीन जोडांची डिफरन्शियल डबी घेऊ. दोन सुया संकेताच्या, तिसरी रेफरन्सची. पहिला टप्पा एडी६२० सारखा इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर. त्याचं काम दोन सुयांतला फरक वाढवणं आणि दोन्हींवर सारखं आलेलं टाकून देणं. १० च्या गेनला ही चिप सामाईक संकेत किमान १०० डेसिबलने, म्हणजे एक लाख पटीने दाबते. कागदावर हे वाचलं की वाटतं, मग हमिंगचा प्रश्नच कुठे उरला?

हिशेब करून बघा. नमुना आणि जवळची वीजेची तार यांच्यात समजा १ पिकोफॅरडची जोड आहे. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला तिच्यातून सुमारे ७२ नॅनोअँपिअर प्रवाह येतो. तो जमिनीकडे परत जाताना रेफरन्सच्या सुईतून जातो असं धरा. ही सुई कोरडी, काळी पडलेली असेल आणि तिचा इम्पीडन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा अडथळा) १ मेगाओहम असेल, तर अख्खा नमुना ७२ मिलिव्होल्टने हलतो. चिपने तो एक लाख पटीने दाबला की उरतो ०.७ मायक्रोव्होल्ट. म्हणजे काहीच नाही.

पण दोन्ही संकेतसुया सारख्या नसतात. एकीचा इम्पीडन्स दुसरीपेक्षा ५० किलोओहमने जास्त आहे आणि इनपुटपासून ग्राउंडकडे १० मेगाओहमचा बायस रोध आहे असं समजा. मग ७२ मिलिव्होल्टचा दोनशेवा हिस्सा, म्हणजे ३६० मायक्रोव्होल्ट, एका सुईवर कमी आणि दुसरीवर जास्त पोचतो. आता तो सामाईक उरलाच नाही. तो खराखुरा फरक झाला, आणि चिप तो इमानेइतबारे वाढवून देते. स्पाइक १०० मायक्रोव्होल्टचा, हमिंग ३६० चं. इथे एक लाख पटीची दडपशाही कामाला येत नाही, कारण घोटाळा चिपच्या दाराबाहेरच झालेला असतो.

आता फक्त रेफरन्सची सुई बदला. संकेतसुयांतला ५० किलोओहमचा फरक तसाच राहू द्या, पण रेफरन्सचा इम्पीडन्स १ मेगाओहमवरून १० किलोओहमवर आणा. नमुना ७२ मिलिव्होल्टऐवजी ०.७२ मिलिव्होल्टने हलेल, आणि हमिंग ३६० वरून ३.६ मायक्रोव्होल्टवर येईल. सर्किट तेच, खोली तीच.

तक्रार येते-जाते का, याचं उत्तर याच गुणाकारात आहे. हमिंग हे दोन दोषांच्या गुणाकारासारखं वागतं: रेफरन्स किती खराब आणि दोन सुया एकमेकींपासून किती वेगळ्या. यांतला एकच दोष असेल तर डबी तो पचवते. काल रेफरन्स वाळलेला होता, पण सुया सारख्या होत्या, चालून गेलं. आज सुई बदलली, नवी सुई थोडी वेगळी निघाली, आणि दोष एकाला दोन मिळाले. मग माणूस नव्या सुईला दोष देतो, ती बदलतो, योगायोगाने तिसरी सुई जुळते आणि प्रश्न सुटला असं वाटतं. रेफरन्स तसाच सडत राहतो.

विश्वास बसत नसेल तर प्राण्याशिवाय करून बघता येईल. १० किलोओहमचे तीन रोध घ्या, त्यांची एकेक टोकं एकत्र जोडा, आणि मोकळी टोकं तिन्ही क्लिपना लावा. डबी आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर ठेवा. मधल्या सांध्याजवळ बोट न्या: जवळपास शांतता. धन बाजूचा रोध काढून १०० किलोओहम घाला: थोडी कुरकुर. तो तसाच ठेवून रेफरन्सचा रोध १ मेगाओहमचा करा आणि पुन्हा बोट न्या. हा तीन रोधांचा खोटा पाय डबीसोबत कायम ठेवावा असं माझं मत आहे. नव्या जागी गेल्यावर खऱ्या नमुन्याआधी तो लावून पाहिला की डबी शांत आहे की नाही ते मिनिटात कळतं, आणि प्राण्याचा ताजेपणा वाया जात नाही.

ज्या सोप्या डब्यांत दोनच सुया असतात, एक संकेताची आणि एक ग्राउंडची, तिथे दडपशाही करणारा कोणी नाहीच. ग्राउंडच्या सुईवर पडलेला सगळा विद्युतदाब संकेतात थेट मिसळतो. तिथे ग्राउंडची सुई आणखी जपावी लागते, आणि नमुना वीजेपासून शक्य तेवढा दूर ठेवणं हाच मोठा उपाय.

संपर्क खराब कुठे होतो? सर्वांत जास्त वेळा, सुई आणि तार यांच्या सांध्यात. कीटक टोचायच्या सुया बहुतेक स्टेनलेस स्टीलच्या असतात, आणि स्टेनलेसवर साध्या राळेच्या फ्लक्सने सोल्डर धरत नाही. वरून चकचकीत गोळा बसलेला दिसतो, पण आत सुई नुसती त्या गोळ्यात अडकलेली असते. काही दिवस चालते, मग मिठाचं पाणी आत शिरतं, गंज येतो आणि संपर्क कधी आहे, कधी नाही असा होतो. हेडफोन लावून सांध्याला काडीने हलकेच हलवा. खर्रकन आवाज आला की चोर सापडला. स्टेनलेससाठीचा आम्लयुक्त फ्लक्स वापरून सांधा पुन्हा करा आणि नंतर फ्लक्स पूर्ण धुवून काढा, किंवा सोल्डरचा नाद सोडून तार सुईवर घट्ट गुंडाळून वर हीट-श्रिंकची नळी चढवा. दुसरी पद्धत दिसायला गावठी, पण मला ती जास्त भरवशाची वाटते.

त्यानंतर नमुन्याची बाजू. कापलेला पाय वाळतो. टोचलेल्या भोकाभोवतीचा ओलावा गेला की सुईचा इम्पीडन्स चढतो आणि तोही दोन सुयांचा सारखा चढत नाही. कीटकांसाठीच्या खारट द्रावणाचा बारीक थेंब त्या जागी दिला की फरक लगेच ऐकू येतो. थेंब मोठा पडून दोन्ही सुयांमध्ये ओघळ झाला तर मात्र हमिंगसोबत स्पाइकही जातात, कारण सुया द्रावणातून एकमेकींना जोडल्या जातात. रेफरन्ससाठी चांदीची तार मिळाली तर उत्तम. तिच्यावर क्लोराइडचा थर असला पाहिजे. घरगुती ब्लीचमध्ये तार बुडवून ठेवली की ती करडी-काळपट होते आणि विद्युतदाब स्थिर राहतो. क्लोराइडचा थर खरवडून पुन्हा चकाकी आणू नका.

इम्पीडन्स मल्टिमीटरने मोजायचा मोह होईल. साधा मल्टिमीटर एकाच दिशेचा प्रवाह सोडतो. त्याने सुईच्या पृष्ठभागावर विद्युतभार साचतो, आकडा सरकत राहतो आणि शेवटी जो वाचाल त्याचा स्पाइकच्या वारंवारतेशी संबंध नसतो. असा इम्पीडन्स प्रत्यावर्ती संकेताने, साधारणपणे १ किलोहर्ट्झला मोजतात. ते साधन नसेल तर तुलना पुरेशी आहे: सुयांच्या जागा आलटून-पालटून पाहा. हमिंग सुईबरोबर फिरतं की जागेबरोबर, यावरून दोष कळतो.

तारा, फॉइल आणि नॉच

संकेताच्या दोन तारा मोकळ्या, वेगवेगळ्या वाटांनी आल्या तर त्यांच्यामध्ये वेटोळं तयार होतं आणि ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र त्यातच बोलतं. तारा एकमेकींना पीळ देऊन आणा, आखूड ठेवा. लोंबत्या ठेवू नका, कारण हलणारी तार स्वतःच विद्युतभार तयार करते आणि पडद्यावर मोठे डोंगर उमटतात.

अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा डबा उपयोगी आहे, पण तो डबीच्या ग्राउंडला जोडला तर. न जोडलेलं फॉइल म्हणजे टेबलावरची आणखी एक तरंगती पत्र्याची प्लेट. ती वीज एका बाजूने घेते आणि नमुन्याला दुसऱ्या बाजूने देते. फॉइल एकाच ठिकाणी, एकाच तारेने जोडा. दोन ठिकाणी जोडलं, तेही वेगवेगळ्या ग्राउंडना, की ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडच्या तारांचं बंद वेटोळं, हात जोडून उभा. आणि फॉइल चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. ५० हर्ट्झच्या क्षेत्राला ते जवळपास पारदर्शक आहे. तिथे ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब सरकणं हाच इलाज.

नॉच फिल्टरबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ५० हर्ट्झ कापणारा फिल्टर सॉफ्टवेअरमध्ये एका बटणावर मिळतो, म्हणून लोक आधी तेच दाबतात. स्पाइकच्या पट्ट्यात तो फारसा उपयोगी नाही, कारण तिथे त्रास देतात ते वरचे पटीतले सूर, आणि ते तसेच राहतात. अरुंद नॉच मोठ्या धक्क्यानंतर स्वतःच थोडा वेळ वाजत राहतो आणि कमी वारंवारतेचे संकेत पाहताना खोट्या लाटा दाखवतो. सर्वांत मोठं नुकसान म्हणजे तो लक्षण लपवतो. रेफरन्स वाळत चालल्याची एकमेव सूचना म्हणजे वाढतं हमिंग, आणि तीच आपण बंद करून बसतो. रेकॉर्डिंग कच्चं साठवा. नॉच लावायचाच तर नंतर, प्रतीवर.

हमिंग नाही, पण तेही बरोबर नाही

काही तक्रारी हमिंग म्हणून येतात आणि निघतात वेगळ्याच.

आउटपुट एका टोकाला चिकटून बसलं, मग कधी तरी घरंगळत मधे आलं, तर पहिला टप्पा भरून गेला आहे. धातू आणि खारट द्रावण यांच्या स्पर्शात स्वतःचा असा एक स्थिर विद्युतदाब असतो, आणि दोन सुया वेगवेगळ्या धातूंच्या असतील तर फरक काहीशे मिलिव्होल्टपर्यंत जातो. ३०० मिलिव्होल्टला १०० च्या गेनने गुणलं तर ३० व्होल्ट होतात. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ते कुठून येणार? म्हणून पहिल्या टप्प्याचा गेन १० च्या आसपास ठेवतात, मग कपॅसिटरने स्थिर भाग अडवतात, आणि उरलेला गेन नंतर देतात. स्वतः सर्किट जोडणाऱ्यांनी बायस रोध विसरू नयेत. इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटमध्ये बारीकसा प्रवाह वाहतो, त्याला ग्राउंडकडे जायची वाट लागते. ती नसली तर इनपुट तरंगत तरंगत टोकाला जातात, आणि बोट लावलं की सगळं सुरळीत चालतं, कारण वाट बोटातून मिळते.

ब्लूटूथवर पाठवणाऱ्या डब्यांमध्ये आणखी फसवा प्रकार दिसतो. अगदी सुंदर, टोकदार, एकसारखे स्पाइक येतात. नको तितके एकसारखे. ब्लूटूथ लो एनर्जी जोडणी ठरलेल्या अंतराने बोलते. बहुतेक डब्यांत हे अंतर १.२५ मिलिसेकंदाच्या पटीत असतं आणि कमीत कमी ७.५ मिलिसेकंद. दर वेळी रेडिओ जागा झाला की प्रवाहाचा झटका बसतो, पुरवठा किंचित खचतो, आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याला स्पाइक म्हणून दाखवतो. स्पाइकांमधली अंतरं मोजा. जिवंत चेतापेशीची अंतरं थोडी तरी हलतात, रेडिओची घड्याळासारखी येतात. पायावरच्या काट्यांवर फुंकर मारून पाहा. खरे स्पाइक दाटतात, रेडिओला फुंकरीशी घेणं-देणं नसतं. उपाय पुरवठ्याकडे आहे: अ‍ॅनालॉग भागाला वेगळा रेग्युलेटर, प्रत्येक चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरड, आणि अँटेना इनपुटपासून दूरच्या कडेला.

स्पीकर त्याच टेबलावर असेल तर खरेच स्पाइक पण खोट्या कारणाने येऊ शकतात. झुरळाच्या पायावरचे संवेदी काटे आणि केस कंपनांना दाद देतात. स्पाइक, स्पीकरचा ठोका, टेबल हललं, पुन्हा स्पाइक. हेडफोन लावल्यावर हे थांबलं तर बिघाड काहीच नव्हता.

हिस्सला मात्र खालची मर्यादा आहे आणि ती कोणाच्या हातात नाही. कुठल्याही रोधात उष्णतेमुळे नॉइज असतं. खोलीच्या तापमानाला १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात १ मेगाओहमच्या सुईचं हे नॉइज सुमारे १३ मायक्रोव्होल्ट, १० किलोओहमच्या सुईचं सुमारे १.३. म्हणजे हिस्स जास्त असेल तरी बोट पुन्हा त्याच दिशेला जातं, सुईच्या इम्पीडन्सकडे. खूप मार्गिका (चॅनेल) असलेल्या यंत्रणांनाही हे चुकलेलं नाही. इंटन कंपनीच्या आरएचडी२१३२ चिपवर ३२ अ‍ॅम्प्लिफायर बसतात आणि तिचं स्वतःचं नॉइज सुमारे २.४ मायक्रोव्होल्ट आहे. पण सगळ्या मार्गिकांवर एकसारखं हमिंग दिसलं तर चिपकडे बघू नका, रेफरन्स किंवा ग्राउंडची एक तार सुटली आहे. एकाच मार्गिकेवर दिसलं तर तो एक इलेक्ट्रोड तुटला आहे.

माणसाच्या स्नायूंवर किंवा त्वचेवर हीच डबी लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट, ती हमिंगपेक्षा महत्त्वाची आहे. शरीराला इलेक्ट्रोड चिकटलेले असताना डबी, लॅपटॉप, फोन, पडदा, काहीही वीजेच्या जोडणीवर नको. सगळं बॅटरीवर. चार्जर लावल्यावर हमिंग कमी होतं असा अनुभव काही वेळा येतो, अर्थिंग मिळाल्यामुळे; तरीही नको. चार्जरमधलं इन्सुलेशन बिघडलं तर त्याचा मार्ग तुमच्या इलेक्ट्रोडमधून जाईल, आणि चांगला चिकटवलेला इलेक्ट्रोड वीजेलाही चांगलाच संपर्क देतो.

एवढं करूनही घूं चालूच असेल आणि कोणाला विचारायचं ठरवलं, तर "नॉइज येतंय" एवढं सांगून काही हाती लागणार नाही. दहा-दहा सेकंदांची तीन कच्ची रेकॉर्डिंग द्या: इनपुट आखूड तारेने जोडलेले असताना, तीन रोधांचा खोटा पाय लावलेला असताना आणि खरा नमुना असताना. तिन्ही एकाच गेनवर, एकाच जागी, फिल्टर न लावता. सोबत बॅटरीचा चालू स्थितीत मोजलेला व्होल्टेज, सुयांचा धातू, लॅपटॉप चार्जरवर होता की नाही, आणि रेफरन्सची सुई नेमकी कुठे टोचली होती त्याचा फोटो. फोटोत सुई आणि तारेचा सांधा स्पष्ट दिसू द्या.